चार ते आठ वर्षांच्या मुलाला घरीच शिकवताना: नागपूरच्या घरातून आणि बाजारातून सुरुवात

संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी पाच-सहा वर्षांच्या मुलाला एक काम सांगून बघा: "घरात कोणाला किती पोळ्या लागतील ते विचारून ये आणि मला एकूण सांग." आजोबा दीड म्हणतील. बाबा विचारतील, भाजी कोणती आहे? मूल बोटांवर मोजेल, मध्येच विसरेल, पुन्हा विचारायला जाईल आणि शेवटी कागदावर रेघा ओढून आणेल. एवढ्या एका फेरीत बेरीज झाली, अर्धा समजला, ऐकलेलं लक्षात ठेवणं आलं आणि नोंद का ठेवायची तेही कळलं. मुख्य म्हणजे हिशेब चुकला तर कोणाच्या तरी ताटात पोळी कमी पडणार, हे त्याला ठाऊक असतं. वहीतली बेरीज चुकली तर कोणाचंच काही अडत नाही.

पुढे जे लिहिलंय त्या सगळ्याला हीच कसोटी लावली आहे. काम खरं हवं. ते झालं नाही तर घरात जाणवायला हवं. खोट्या नोटांचं दुकान आणि प्लास्टिकची भाजी खेळायला छान असते, पण खऱ्या दहाच्या नोटेने मूल जेवढं शिकतं तेवढं त्यातून शिकत नाही. आपल्याकडे ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी भागात बालशिक्षण थेट मुलांच्या अंगणात नेलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणशाळा चालवली. मूल जिथे आहे आणि जे करतंय, तिथूनच सुरुवात.

पहिली पायरी: आठवडाभर काही शिकवू नका

फ्रिजवर एक कोरा कागद लावा आणि घरात रोज कोणकोणती कामं होतात ती लिहीत जा. दूध आणणं, कूलरमध्ये पाणी भरणं, भाजी निवडणं, माठ धुणं, कपड्यांच्या घड्या, कुंड्यांना पाणी, चपला लावणं. शेजारी एवढंच नोंदवा की यातल्या कोणत्या कामाजवळ मूल आपणहून येऊन उभं राहतं. आठवड्याच्या शेवटी तीन कामं निवडा: एक स्वयंपाकघरातलं, एक घराबाहेरचं आणि एक मोजण्याचं. तीनच. पहिल्याच महिन्यात दहा कामांचा तक्ता केलात तर पंधरा दिवसांत तुम्हीच थकाल.

दुसरी पायरी: काम अख्खं सोपवा

मेथी निवडायची असेल तर "एवढी पानं तोड" असं नको. जुडी सोडण्यापासून देठं कचऱ्यात टाकून ओटा पुसण्यापर्यंत सगळं त्याचं. आधी एकदा न बोलता, सावकाश करून दाखवा. मुलं हाताकडे बघून शिकतात. आपण बोलत राहिलो की हाताकडचं लक्ष तोंडाकडे जातं. मग दोन-तीन वेळा बरोबर बसा, मग बाजूला व्हा. तुम्हाला लागतो त्याच्या चौपट वेळ लागेल, म्हणून सकाळी डब्याच्या घाईत हे करूच नये. दोघंही नोकरी करत असाल तर संध्याकाळचा अर्धा तास आणि रविवार पुरतो. आजी घरात असेल तर फारच उत्तम, फक्त "राहू दे बाळा, मी करते" हे वाक्य तिने थोडे दिवस बाजूला ठेवायला हवं. आणि मुलाने घातलेली वाकडी घडी त्याच्यासमोर मोडून नीट घालू नका. कपाटात वाकडी घडी राहिल्याने काही बिघडत नाही.

बाजार

गणितासाठी मला बाजारापेक्षा चांगली जागा माहीत नाही. गोकुळपेठ असो की तुमच्या भागातला आठवडी बाजार, गर्दी कमी असेल अशी वेळ निवडा. संध्याकाळी सातला विक्रेत्याला मुलाच्या मोजणीसाठी थांबायला वेळ नसतो, आणि तो नसणं रास्तच आहे.

पहिले काही आठवडे एकच वस्तू, एकच नोट. दहा रुपये हातात आणि काम एवढंच: "मावशी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) कसा दिला?" विचारायचं, जुडी घ्यायची, सुटे परत आले तर मोजून घ्यायचे. लाजाळू मुलाला हे विचारायलाच तीन-चार फेऱ्या लागतात. लागू द्या. त्याच्या वतीने तुम्ही बोललात की तो धडा तुमचा झाला.

हे जमलं की यादी. लिहिता येत नसेल तर चित्रांची: आलू, कांदे, टमाटर, मिरच्या. त्यानंतर भाव. साठ रुपये किलोची भेंडी अर्धा किलो घेतली तर किती? अर्ध्याचं अर्ध, म्हणजे पाव किलो, तर किती? सहा-सात वर्षांच्या मुलाला निम्मं करता येतं, आणि दोनदा निम्मं केलं की पाव, एवढी एक युक्ती त्याला अख्ख्या बाजारात पुरते. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे ०.२५० आणि ०.५०० हे आकडेही दाखवा. दशांश चिन्ह शिकवायची गरज नाही, पाव किलो काट्यावर कसा दिसतो एवढं डोळ्यांत बसलं की झालं. घरी आल्यावर एक किलो तांदूळ आणि एक किलो मुरमुरे शेजारी ठेवा. कोणतं जड? बहुतेक मुलं मोठ्या पुड्याकडे बोट दाखवतात. मग दोन्ही हातांत धरायला द्या.

एक सूचना मनापासून: मूल सोबत असेल तेव्हा रोख पैसे द्या. फोनवरून पैसे दिले की मोजणं, सुटे आणि उरलेली रक्कम हे सगळं मुलाच्या नजरेआड होतं.

एका संत्र्यात किती विषय

हिवाळ्यात डझनभर संत्री घरी आली की एक संत्रं मुलाच्या हातात द्या आणि सोलायच्या आधी विचारा, आत फोडी किती असतील? येईल तो आकडा वहीत लिहा. आता देठाकडची छोटी टिकली नखाने अलगद काढा. खाली बारीक ठिपक्यांचं एक कडं दिसेल. ते ठिपके मोजा, तोही आकडा लिहा. मग सोला आणि फोडी मोजा. ठिपके आणि फोडी बहुधा जुळतात, कारण झाडाकडून फोडीफोडीला पाणी आणि अन्न याच वाटांनी जातं. मुलाचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा असतो. त्यानंतर घरात येणाऱ्या प्रत्येक संत्र्याची टिकली निघणार, याची तयारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी बिया. प्रत्येक संत्र्याच्या बिया कागदावर एका ओळीत मांडायच्या, खाली दुसऱ्या संत्र्याच्या. पाच-सहा ओळी झाल्या की आलेख तयार झाला, आणि "कोणत्यात जास्त, किती जास्त" हे मूलच सांगू लागतं. तिसऱ्या दिवशी बादलीभर पाण्यात एक न सोललेलं आणि एक सोललेलं संत्रं सोडा. सालीसकटचं तरंगतं, सोललेलं बहुतेक वेळा बुडतं. सालीत आणि सालीखाली अडकलेली हवा हे त्याचं कारण, पण ते लगेच सांगून टाकू नका. मुलाला दोन-चार दिवस आपले अंदाज बांधू द्या. डझनाचे सारखे वाटे करायलाही संत्रीच घ्या: बाराचे दोन, तीन, चार, सहा वाटे होतात, पाच होत नाहीत. हे एकदा हाताने कळलं की भागाकार पुढे सोपा जातो.

आणि संत्रं येतं कुठून? काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी. नकाशावर बोट ठेवून शोधा. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मोठ्या मुलाला सांगता येईल. लहान मुलासाठी बहार, म्हणजे झाडाला फुलं येण्याचे हंगाम, जास्त रंजक आहेत. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबरपासून हाती येऊ लागतं. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि त्याची फळं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात. बारा महिन्यांची पट्टी कागदावर काढून त्यावर फुलं आणि फळं रंगवायला द्या. महिने पाठ करून घ्यावे लागत नाहीत. तिकडे कोणा नातेवाइकाची बाग असेल तर वर्षातून दोनदा जा, एकदा फुलांच्या वासासाठी आणि एकदा तोडणीला.

ऊन हाच प्रयोग

नागपूरचा उन्हाळा आपण सोसतो. तोच मुलाच्या विज्ञानाचं पुस्तक होऊ शकतो. दोन सारख्या स्टीलच्या ग्लासांत सारखंच पाणी घ्या. एकाभोवती ओलं फडकं गुंडाळा, दोन्ही सावलीत वाऱ्यावर ठेवा, फडकं ओलं राहील असं बघा आणि तासाभराने हात लावून बघा. मग माठाला बाहेरून पाझरलेली ओल दाखवा, मग कूलरची भिजलेली ताटी. तिन्हीकडे एकच गोष्ट चाललेली असते: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात कूलर भरण्याचं काम मुलाकडे असेल तर रोज किती बादल्या लागल्या ते त्याने भिंतीवरच्या कागदावर रेघांनी लिहावं. जुलैत तोच कूलर लावून बघा. हवा चिकट लागते, गारवा येत नाही. का? हवेतच ओल भरलेली असते, पाणी उडून जाणार कुठे? मुलाने हे कारण स्वतः काढलं तर त्या दिवशी दुसरं काही शिकवू नका.

सावलीचा प्रयोग मार्चपासून सुरू करावा. गच्चीवर एक सरळ काठी डब्यातल्या वाळूत उभी रोवा आणि दर रविवारी दुपारी बाराच्या थोडं पुढे सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सावली आठवड्याआठवड्याला आखूड होत जाते. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे, त्यामुळे २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहाएक मिनिटांनी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच जिरते. जुलैच्या मध्यात हेच पुन्हा घडतं, पण तेव्हा ढग असतात. मेमधला तो काळ नवतप्याचा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांचा, तेव्हा पाच मिनिटांत खूण करून खाली यायचं. टोपी, चप्पल आणि आधी पाणी पिणं यात सवलत नाही.

वाचन-लेखन

इथे मुलाच्या कानावर मराठी आणि हिंदी दोन्ही पडतात, घरी एक आणि गल्लीत दुसरी. त्याची काळजी करू नका. तुम्ही मात्र त्याच्याशी पूर्ण, सुटसुटीत मराठी वाक्यांत बोला. घरातली भाषा भक्कम असली की बाकीच्या भाषा तिच्या आधाराने येतात.

अक्षरओळख क, ख, ग, घ या क्रमाने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाच्या नावातली अक्षरं आधी, मग चार अशी अक्षरं ज्यांचे लगेच शब्द होतात. म, न, ग, र घेतले की मन, मगर, नगर तयार. काना आला की नाग, मान, राग, गार. पहिल्याच आठवड्यात वाचता आलं याचा आनंद मुलाला पुढे खेचतो. ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर गिरवू द्या. पेन्सिल धरायची घाई नको. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मीठ, साखर, रवा, डाळ अशा चिठ्ठ्या लावा, आणि मग "रव्याचा डबा दे" म्हणा. चिठ्ठी वाचली नाही तर चुकीचा डबा येईल.

रोज एक गोष्ट मात्र नक्की करा. मुलाने दिवसभरातलं काहीतरी सांगायचं, तुम्ही ते त्याच्याच शब्दांत दोन-तीन ओळीत लिहायचं आणि त्याने ते बोट ठेवून वाचायचं. शब्द स्वतःचेच असल्यामुळे अंदाजाने का होईना, मूल वाचायला लागतं. महिन्यातून एकदा चंद्रपूरच्या आत्याला किंवा अमरावतीच्या मामाला खरं पोस्टकार्ड पाठवा आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की उत्तर पोस्टानेच द्यायचं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती जवळ ठेवा, पण पान एक ते पान शेवट असं धरून बसू नका.

शहर वाचायला शिकवणं

आधी घराचा नकाशा, मग गल्लीचा, मग दूध केंद्रापर्यंतचा रस्ता. त्यानंतर एक सोपा प्रश्न: नळाचं पाणी कुठून येतं? आपल्या शहराला मुख्यतः पेंच प्रकल्पाचं आणि कन्हान नदीचं पाणी मिळतं. सुट्टीत नवेगाव खैरीला धरण बघून आलात तर मूल नळ उघडा सोडताना विचार करतं. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावं म्हणजे वारांचा धडाच. बसमधून जाताना पाट्या शोधायला लावा.

झिरो माईलच्या दगडावर जबलपूर, हैदराबाद, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. अंतर कुठून मोजतात हा प्रश्न तिथे उभं राहूनच विचारावा. १८६३ साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, गांधीसागरासमोरचं रमण विज्ञान केंद्र, कडबी चौकातलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, महाराजबाग, हे सगळं हाताशी आहे. नियम एकच: एका फेरीत एकच दालन किंवा एकच वस्तू, फार तर पाऊण तास. अख्खं संग्रहालय दाखवलेलं मूल घरी येऊन फक्त आईस्क्रीमबद्दल बोलतं.

सण तर तयार धडे आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल धुणं, रंगवणं, झूल शिवणं ही हस्तकला, घरोघरी जाऊन मिळालेला बोजारा (मुलांना दिलेले पैसे) मोजणं हे गणित, आणि त्याच दिवशी निघणारी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघणं हा इतिहास. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं दीक्षाभूमीवर येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे मुलाला सांगा आणि तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून त्याच्या हाताने एक पुस्तक विकत घ्या. डिसेंबरात रस्ते का अडवले, असं त्याने विचारलं तर हिवाळी अधिवेशन, विधान भवन आणि आपल्या आमदाराचं नाव, एवढं नागरिकशास्त्र त्या वयाला भरपूर.

निसर्गासाठी सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीचा परिसर पुरेसा. पावसाळ्यात सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून बघा, हात लाल होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की खाली पडलेली फुलं वेचून पाण्यात उकळा आणि त्या केशरी रंगाने धुळवड खेळा.

रोजच्या कामातून जे येत नाही

हे स्पष्ट सांगायला हवं. घरकामातून मूल खूप शिकतं, पण सफाईदार वाचन आणि तोंडपाठ आकडेमोड आपोआप येत नाहीत. त्यासाठी रोज ठरलेल्या वेळी बसावंच लागतं. पाच वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं, सातव्या वर्षी अर्धा तास, त्यात निम्मं वाचन आणि निम्मी बेरीज-वजाबाकी. दिवेलागणीला मोठ्याने पाढे म्हणायची जुनी रीत अजून कामाची आहे; चालीवर म्हटले की दोन ते पाच सहज बसतात, आणि पुढे निमकी-पावकी, म्हणजे अर्ध्याचे आणि पावाचे पाढेही, शिकवता येतात. एक दिवस चुकला तर चालेल, आठवडा चुकू देऊ नका.

आणि उलट बाजूने, प्रत्येक कामाची परीक्षा करू नका. पोहे खाताना "दाणे किती?", फिरताना "पान कोणत्या रंगाचं?", असं चालू राहिलं की मूल तुमच्याबरोबर काम करायलाच टाळतं. एका कामात एकच प्रश्न, आणि विचारल्यावर खरंच थांबा. दहा सेकंदांची शांतता आपल्याला जड जाते, मुलाला ती लागतेच.

नोंदी आणि कायदा

एक जाड वही करा. तारीख, काय केलं, मूल काय म्हणालं, एवढंच. महिन्याला एक हस्ताक्षराचा नमुना आणि दोन-तीन फोटो. तक्रार, प्रगतिपुस्तक, गुण यातलं काही नको. सहा महिन्यांनी मागची पानं उलटली की कोणता विषय मागे पडलाय ते दिसतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयोगटाला लागू आहे. मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. घरी शिकवण्याला वेगळी मान्यता देणारी तरतूद त्यात नाही, आणि पालकांना शिक्षेचीही नाही. सहा वर्षांपर्यंत त्यामुळे काहीच अडचण येत नाही. त्यानंतरचा निर्णय हे माहीत असूनच घ्यावा. पुढे शाळेत जायचं ठरलं तर याच कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. शाळेबाहेरच राहायचं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष पातळ्या आहेत, आणि तिथून दहावीची परीक्षा १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही पाचवी आणि आठवीच्या पातळीवर परीक्षा घेतं. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड एका फाइलमध्ये ठेवा.

सोबत आणि तपासणी

घरी शिकणाऱ्या मुलाला रोज दुसऱ्या मुलांची सोबत हवी, आणि ती तुम्हालाच जुळवावी लागते. संध्याकाळी मैदानावर एक तास, त्यात मोठ्यांची लुडबुड नाही. भांडणं होतील. रक्त येत नाही तोवर लांब उभे राहा. आठवड्यातून एकदा दोन-तीन घरांनी मिळून काही करता आलं, लाडू वळणं किंवा गच्चीवर मेथी पेरणं, तर आणखी बरं.

शेवटी तब्येतीचं. सहा पूर्ण व्हायच्या आत एकदा डोळे आणि कान तपासून घ्या. शाळेत फळा दिसत नाही म्हणून बाईंच्या लक्षात येतं, घरी ते राहून जाऊ शकतं. नियमित सराव असूनही साडेसातच्या पुढे मूल अक्षरं जोडून शब्द वाचत नसेल, किंवा दहापर्यंतच्या वस्तू मोजताना सतत गोंधळत असेल, तर "येईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवू नका. आधी बालरोगतज्ज्ञ, मग गरज वाटली तर अध्ययन अक्षमतेची तपासणी. जाताना ती जाड वही बरोबर न्या.